कंपाउंड बो घेताना : वेगासाठी ७० हजार जास्त मोजावेत का?

यवतेश्वर_पायथा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मोठी रक्कम घालायची आहे, म्हणून घाई न करता विचारतोय.

मुलगी सोळा वर्षांची, अकरावीला. चार वर्षं साताऱ्यातच तिरंदाजी करतेय. बांबूच्या धनुष्यावर इंडियन राऊंड खेळली, मग सरांनी कंपाउंडवर (दोन्ही टोकांना कॅम म्हणजे चाकं असलेलं धनुष्य) घेतली. सध्याचा बो एका मोठ्या मुलीकडून सेकंडहँड घेतलेला. दोन वर्षांत पोरगी उंच झाली, ड्रॉ लेन्थ (दोरी ओढायची लांबी) २५ इंचांवरून साडेसव्वीसवर गेली आणि त्या बोच्या कॅमवर आता आणखी लांबी मिळत नाही. तिला ओढून धरता येतं, पण हनुवटीशी हात नीट बसत नाही. बो बदलणं भाग आहे.

दोन पर्याय आहेत. पहिला ३८ इंची, ब्रेस हाइट (न ओढलेली दोरी आणि मूठ यांतलं अंतर) सव्वासात इंच, कंपनीने वेग लिहिलाय सेकंदाला ३२० फूट. दुसरा ३६ इंची, ब्रेस हाइट सव्वासहा, वेग ३३८. दुसऱ्याला सत्तर हजार जास्त. विक्रेत्याचं म्हणणं, "आता राज्य पातळीवर वेगाशिवाय चालत नाही, आज वाचवाल आणि वर्षभरात पुन्हा घ्याल." सर दोन्हींना हो म्हणतात, पण पैसे माझे असल्याने ते जोर देत नाहीत.

मी पतसंस्थेत नोकरीला आहे. सत्तर हजार म्हणजे माझे दोन महिने. बायको म्हणते भिशी उचलू. लागणार असतील तर उचलूच, पण हे पैसे नक्की कशाला देतोय ते कळलं पाहिजे. मुलगी सध्या ५० पौंडांच्या ओढीवर खेळते, अॅरो साधारण ३२० ग्रेन वजनाचा.

---

माणदेशी

दादा, घ्या. पोरीच्या खेळात हात आखडता घेऊ नका.

---

कोरेगावकर

माणदेशी, भावना समजते, पण हात आखडण्याचा प्रश्नच नाही, पैसा कुठे घालायचा हा प्रश्न आहे.

आधी ते ३२० आणि ३३८ आकडे बाजूला ठेवा. हे आकडे ७० पौंड ओढ, ३० इंच ड्रॉ लेन्थ आणि ३५० ग्रेनचा अॅरो धरून काढलेले असतात. तुमच्या मुलीचं यातलं काहीच नाही. वर्ल्ड आर्चरीच्या नियमात तर कंपाउंडला ६० पौंडांची मर्यादाच आहे, म्हणजे स्पर्धेत तो आकडा कुणालाही तसाच्या तसा मिळत नाही.

ढोबळ हिशेब असा : ड्रॉ लेन्थ एक इंच कमी झाली की सेकंदाला साधारण १० फूट जातात. म्हणजे साडेतीन इंचांचे ३५ गेले. ओढ २० पौंडांनी कमी, त्याचे ३५ ते ४०. अॅरो ३० ग्रेननी हलका, त्याचे आठ-दहा परत मिळाले. वेगवान बो तिच्या हातात २७० च्या आसपास येईल, दुसरा २५५ च्या आसपास. खोक्यावर १८ चा फरक दिसतोय, मैदानात तो आणखी थोडा कमी होईल.

तुम्ही सत्तर हजार देताय ते या १३ ते १५ फुटांसाठी.

---

यवतेश्वर_पायथा

धन्यवाद सर. हा हिशेब मला कुणीच सांगितला नव्हता. पण १५ फूट म्हणजे कमी की जास्त, तेही कळत नाही.

---

मिरजकर

मी तिरंदाज नाही, पण माझा भाचा अमेरिकेत ओहायोला असतो, तिथे क्रॉसबोने हरणाची शिकार कायदेशीर आहे. त्याने गेल्या वर्षी जुना ३५० चा क्रॉसबो देऊन ४०० चा घेतला आणि तो म्हणतो की वेगासारखं दुसरं काही नाही. हरणाला दोरीचा आवाज ऐकू येतो आणि ते दचकून खाली बसतं, तोवर बाण पोचायला हवा. मग इथेही वेग हवाच ना?

---

कोरेगावकर

मिरजकर, चांगला मुद्दा काढलात. भाच्याचं तिथे खरं आहे, पण त्याची कारणं आपल्याकडे लागू होत नाहीत. आपल्याकडे शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे आणि आपलं लक्ष्य जागचं हलत नाही.

शिकाऱ्यापुढे दोन अडचणी असतात. एक, आवाज. आवाज सेकंदाला अकराशे फुटांच्या आसपास जातो. ४० यार्डांवरच्या हरणाला तो सुमारे ०.११ सेकंदात पोचतो. ४०० च्या क्रॉसबोचा बाण ०.३० सेकंदात, ३५० चा ०.३४ सेकंदात. म्हणजे भाच्याने पैसे मोजले ते हरणाच्या हातातले चार शतांश सेकंद काढून घ्यायला.

दुसरी अडचण, अंतराचा अंदाज. हरिण ४० यार्डांवर आहे असं समजून नेम धरला आणि ते ४५ वर निघालं, तर ३५० चा बाण साधारण ८ सेंटिमीटर खाली लागतो आणि ४०० चा साधारण ६ सेंटिमीटर. वरच्या ५० फुटांनी एवढ्या मोठ्या चुकीतही फक्त दोन सेंटिमीटर वाचवले. हल्ली अंतर मोजायचं यंत्र खिशात असतं, त्यामुळे तिथेही हा प्रश्न वादाचाच आहे. शिवाय वेगवान क्रॉसबोची दोरी जास्त ताण घेते, लवकर झिजते.

आता आपल्या मैदानावर या. ५० मीटर, टेपने मोजलेलं. ८० सेंटिमीटरचा कागद, दहाचं वर्तुळ ८ सेंटिमीटरचं. बाण २५५ ने गेला काय आणि २७० ने गेला काय, ५० मीटरला पडतीत फरक येतो सुमारे २२ सेंटिमीटरचा आणि तो साईट (बोवरचं नेम धरायचं साधन) दोन रेघा वर-खाली केली की संपतो. एकदा साईट लागली की रोज तीच. अंतरच चुकत नसेल तर सपाट जाणाऱ्या बाणाचा फायदा कशात मोजायचा?

---

कृष्णामाई

सांगलीहून लिहितेय. आमच्या घरातला अनुभव सांगते, कारण मला तेव्हा असं कुणी सांगितलं असतं तर माझ्या लेकीचं एक वर्ष वाचलं असतं.

तिला आम्ही पंधराव्या वर्षी वेगवान कॅमचा बो घेतला. तीही ४८-५० पौंडांवरच होती. जुन्या बोवर दिवसाला दीडशे बाण सहज मारायची, नव्यावर ऐंशीला थकायची. पौंड तेवढेच, मग थकते का, म्हणून आम्ही तिलाच बोल लावत राहिलो. चार महिन्यांनी उजवा खांदा दुखायला लागला. फिजिओ झाला, विश्रांती झाली, हंगाम गेला. शेवटी तो बो निम्म्याहून थोड्या जास्त किमतीत विकला आणि मऊ ओढीचा घेतला. आज ती आनंदाने खेळते.

यवतेश्वर दादा, तिच्या हातात देऊन बघा. तीसेक बाण मारून नाही, दोनशे मारून बघा.

---

सांगलीचा_फिटर

कृष्णामाई ताई, मुलीचा दोष नव्हताच. का ते सांगतो. मी तिरंदाज कमी आणि मशिनवाला जास्त, दोरी-कॅम बसवून देतो.

पौंड म्हणजे ओढीतला सर्वांत जड क्षण. पण त्या क्षणाला किती वेळ तोंड द्यायचं हे कॅमचा आकार ठरवतो. मऊ कॅममध्ये ओढ हळूहळू चढते, शिखरावर थोडंच थांबते आणि उतरते. वेगवान कॅममध्ये ती चटकन शिखरावर जाते, तिथेच बराच वेळ राहते आणि शेवटी एकदम सुटते. आपल्याकडचं बोलायचं तर ५० पौंडांचा डोंगर दोन्हीकडे, पण एकाचा माथा टोकदार आणि दुसऱ्याला कास पठार. पठारावर चालत राहावं लागतं. बाणाला जास्त वेग मिळतो तो या जास्तीच्या कामातूनच, फुकट काही येत नाही. ते काम मुलीचा खांदा करतो, दिवसाला दीडशे वेळा.

दुसरं, पूर्ण ओढल्यावर जी हलकी जागा लागते, जिला आपण व्हॅली म्हणतो, ती वेगवान कॅममध्ये अरुंद असते. थकलेली मुलगी पाव इंच पुढे सरकली की बो तिला ओढून घ्यायला बघतो. मॅचमध्ये शेवटच्या तीन बाणांना हेच होतं.

एक गोष्ट मात्र मी वेगळी मानतो. ब्रेस हाइट एक इंच कमी म्हणजे बो चुका माफ करत नाही, असं सगळे म्हणतात. बाण दोरीवर जास्त वेळ राहतो म्हणून. पण हिशेब करा : सेकंदाला २६० फूट वेगाने एक इंच जायला सेकंदाचा तीन हजारावा भाग लागतो. एवढ्यात हात कितीसा हलणार? मला वाटतं दोष ब्रेस हाइटच्या माथी मारला जातो, खरा फरक कॅमचा आणि बोच्या लांबीचा असतो. ३८ इंची बो हातात शांत राहतो, हे मी रोज बघतो.

---

कोरेगावकर

फिटर भाऊ, तुमच्या शेवटच्या मुद्द्यावर मी पूर्ण सहमत नाही. बाण सुटताना हात आधीच वळत असतो, म्हणून तो छोटा भागही कागदावर दिसतो. पण एक इंच ब्रेस हाइटला जेवढं भय घातलं जातं तेवढं ते नसतं, हे मान्य. बाकी पठाराचं उदाहरण मी मुलांना सांगणार आहे.

---

फलटण_पूर्व

कोरेगावकर सर, वाऱ्याचं काय? आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी असा वारा सुटतो की बाण वाकडा जाताना दिसतो. वेगाने गेला तर कमी वाहवेल ना?

---

कोरेगावकर

सगळ्यांना असंच वाटतं, मलाही वाटायचं. वारा बाणाला किती ढकलतो हे बाण किती वेळ हवेत आहे एवढ्यावरच ठरत नाही. हवेच्या अडथळ्याने तो वाटेत किती मंदावला, यावर ते जास्त ठरतं. हलका अॅरो लावून वेग वाढवलात तर तो निघतो जोरात, पण लवकर मंदावतो. बारीक व्यासाचा, जरा वजनदार अॅरो सुरुवातीला हळू वाटतो, पण वेग टिकवतो आणि वाऱ्यात कमी सरकतो. म्हणून मोठ्या स्पर्धांत बाहेरच्या मैदानावर बारीक, पुढे जड टोकाचे अॅरो दिसतात. वाऱ्यासाठी पैसे घालायचे असतील तर ते अॅरोत घाला.

आणि २५५ विरुद्ध २७० म्हणजे ५० मीटरला साडेतीन शतांश सेकंदांचा फरक. फलटणच्या वाऱ्याला साडेतीन शतांश सेकंदांनी काय होणार आहे?

---

अजिंक्यतारा_उत्तर

सगळ्यांना एकच आठवण देतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला आपल्या जिल्ह्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जागतिक विजेती झाली, अंतिम सामना १४९-१४७. त्याच दिवशी नागपूरचा, पण साताऱ्यात सराव केलेला ओजस देवतळे १५०-१४९ ने जिंकला, पंधराच्या पंधरा बाण दहात. त्याआधी महिनाभर अदितीने लिमरिकला युवा जागतिक स्पर्धेच्या पात्रता फेरीत ७२० पैकी ७११ मारले होते. ७२ बाणांत फक्त ९ गुण गेले.

या पातळीला एकेक गुणावर सामना फिरतो. तो गुण बाण लवकर पोचला म्हणून मिळत नाही, बहात्तरावा बाण पहिल्यासारखाच सुटला म्हणून मिळतो. तुमच्या मुलीला ज्या बोवर बहात्तरावा बाण पहिल्यासारखा सोडता येईल तो घ्या.

लॉस एंजेलिस २०२८ ला कंपाउंड मिश्र संघाचा प्रकार ऑलिंपिकमध्ये आल्यापासून आईबापांची घाई वाढलीय, हे मी मैदानावर बघतोय. आनंद आहे, पण घाईत चुकीचं सामान घेतलं जातं.

---

माणदेशी

पटलं. माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. भिशी राहू द्या.

---

कोरेगावकर

थांबा. आता सगळे वेगाच्या विरुद्ध झालेत, म्हणून दुसरी बाजू सांगणं माझं काम आहे. यवतेश्वर, तुमच्या मुलीच्या बाबतीत एक ठिकाणी वेगाचा खराच प्रश्न येऊ शकतो.

कमी ड्रॉ लेन्थ, कमी पौंड म्हणजे बाण हळू. बाण हळू म्हणजे ५० मीटरसाठी साईट खूप खाली न्यावी लागते. साईट इतकी खाली येते की स्कोपची (साईटच्या टोकाच्या गोल भिंगाची) खालची कड बाणाच्या वाटेत येते. बाण निघताना मागची पिसं स्कोपला निसटती घासतात. मग नेम बरोबर, सुटणं बरोबर, तरी एखादा बाण सातात जातो आणि मुलगी स्वतःवरच चिडते. मी अशा दोन मुली बघितल्यात. दोघींनाही महिनाभर "मन एकाग्र कर" असं सांगितलं गेलं होतं. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

म्हणून पैसे देण्याआधी हे तपासा :

स्वस्त बो तिच्या ड्रॉ लेन्थवर आणि ५० पौंडांवर लावून घ्या, तिचाच अॅरो, साईट ५० मीटरवर. ती पूर्ण ओढून उभी असताना बाजूने बघा, पिसं आणि स्कोप यांत किती फट आहे. मग स्कोपच्या खालच्या कडेला टाल्कम पावडर लावा आणि दहा बाण मारू द्या. पावडर पुसली गेली तर घासतंय.

घासत असेल तरी लगेच वेगवान बो घेऊ नका. साईटचा दांडा बोच्या जवळ सरकवला की साईट वर येते. दोरीतला पीप (ज्यातून बघून नेम धरतात ते छिद्र) थोडा वर बसवला आणि हात तेवढाच खाली टेकवला तरी वर येते, पण हे सरांच्या देखरेखीत, कारण तिची सवय बदलते. दोन पौंड वाढवता आले तर तेही. लहान घेराचा स्कोप मिळतो. हे सगळं करूनही फट मिळाली नाही, तर त्या सत्तर हजारांना अर्थ आहे आणि मग मी स्वतः सांगेन की घ्या.

---

सांगलीचा_फिटर

हे पावडरीचं सर्वांनी लिहून ठेवा. विक्रेत्याकडे वेग मोजायचं यंत्र असेल तर दोन्ही बो तिच्या सेटिंगवर मोजायला सांगा. नाही म्हणाला तर दुसरीकडे जा.

---

यवतेश्वर_पायथा

मंडळी, नऊ दिवसांनी लिहितोय, उशिराबद्दल माफ करा. जे झालं ते सगळं सांगतो.

रविवारी सरांना घेऊन गेलो. विक्रेत्याने आधी टाळाटाळ केली, पण सर सोबत असल्याने दोन्ही बो लावून दिले. यंत्रावर मोजले : ३८ इंची २५४, ३६ इंची २६७. कोरेगावकर सर, तुम्ही लिहिलेलं तसंच निघालं.

मग मैदानावर. विक्रेत्याने दोन्ही बो एक दिवस दिले, त्याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. पोरीला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं, कुठला महाग ते तिला ठाऊक नव्हतं. सकाळी वेगवान बो, संध्याकाळी दुसरा, दोन्हींवर प्रत्येकी ७२ बाण. वेगवानवर पहिले ३६ बाण फार सुंदर पडले, खरं सांगतो, मला वाटलं आता हाच घ्यावा लागणार. नंतरच्या ३६ मध्ये ती दोनदा बाण न सोडता खाली उतरली. "बाबा, हा मला पुढे ओढतोय," म्हणाली. कृष्णामाई ताई, मला तुमचाच प्रतिसाद आठवला. गुण ६७१.

संध्याकाळी दुसऱ्यावर ६७९. आठ गुणांवरून निर्णय करायचा नाही, असं सरांनीच बजावलं, संध्याकाळी वारा पडलेला होता. त्यांनी मला वही दाखवली. शेवटच्या बारा बाणांत वेगवानवर पाच नऊ आणि दोन आठ, दुसऱ्यावर चार नऊ, बाकी सगळे दहा.

आणि पावडर! पुसली गेली. ३८ इंचीवर दहापैकी तीन बाणांना खालच्या कडेची पावडर निघाली. त्या क्षणी माझ्या पोटात गोळा आला. सरांनी दांडा दोन भोकं आत घेतला, साईट पुन्हा लावली, पुन्हा पावडर लावली. दहा बाण, पावडर तशीच. मग आणखी वीस मारायला लावले. तशीच.

---

कोरेगावकर

फार छान केलंत. दांडा आत घेतल्यावर तिला पीपमधून स्कोपचं वर्तुळ पूर्ण दिसतंय ना? ते जुळलं पाहिजे, नाहीतर पीप बदलावा लागेल.

---

यवतेश्वर_पायथा

दिसतंय, सरांनी तेच आधी विचारलं. पीपचा पुढचा नंबर लावलाय.

३८ इंची घेतला. सत्तरमधले वीस हजार बाजूला काढलेत, ते स्पर्धांच्या प्रवासाला. बाकीत बारीक व्यासाचे डझनभर अॅरो तिच्या ड्रॉ लेन्थला कापून आणि दोरीचा एक जादा सेट. अॅरो यायला तीन आठवडे लागतील. तोवर जुन्याच बाणांवर खेळतेय. आज सकाळी सहालाच मैदानावर गेली, मला डबा घेऊन मागून जावं लागलं.

---

कृष्णामाई

तिला माझ्याकडून शाबासकी सांगा. आणि दादा, दोरीचा जादा सेट नुसता डब्यात ठेवू नका. बोवर चढवून शंभर-दोनशे बाण मारून ताणून घ्या, मगच काढून ठेवा. स्पर्धेच्या आदल्या दिवशी कोरी दोरी लावली तर पीप फिरतो.